उत्तरेच्या भिंतीची उसनी माती

"भिंत पडेल का हो?" हा प्रश्न मला आयुष्यात जितक्या लोकांनी विचारलाय, तितक्यांनी "जेवलीस का?" असंही विचारलेलं नाही. मी जुन्या दगडी इमारतींची इंजिनिअर आहे. ऑफिस डब्लिनच्या बॉल्सब्रिजमध्ये, घर विमानतळाजवळ स्वोर्ड्सला, आणि काम सगळ्या आयर्लंडभर, जिथे जिथे म्हणून एखादी म्हातारी भिंत कललेली असेल तिथे. इथली बाकीची मराठी मंडळी औषधांच्या नाहीतर चिपच्या कारखान्यांत चांगल्या हुद्द्यांवर आहेत. गणपतीत भेट झाली की त्यांना माझ्या नोकरीची गंमत वाटते. "म्हणजे पडकं आहे ते पडकंच ठेवायचा पगार मिळतो तुला?" असं एकाने मोदक खाता खाता विचारलं होतं. हो, तसंच आहे. जेवढं पडकं आहे तेवढंच राहावं, त्याहून जास्त पडू नये, एवढंच माझं काम.

तर वरच्या प्रश्नाला मी वर्षानुवर्षं एकच उत्तर देत आले: "शक्यता कमी आहे." माझ्या पहिल्या साहेबांनी पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, की इंजिनिअरने "पडणार नाही" हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत. भिंत ऐकत नसते, वकील ऐकत असतात.

धंदा थोडक्यात सांगते, म्हणजे पुढची चिडचिड कळेल. जुनी भिंत म्हणजे बाहेरून दगड, आतून दगड आणि मध्ये गोटे, माती आणि चुना यांचा भराव. चुना ओल आत घेतो आणि बाहेर सोडतो. सिमेंट ती ओल कोंडून ठेवतं आणि दगड आतून कुजतो. आपल्याकडे हेमाडपंती देवळाला हौसेने ऑइलपेंट फासणारे भक्त असतात ना, त्यांचे सख्खे चुलतभाऊ इथे सिमेंटची घमेली घेऊन हिंडतात. दगडांमधल्या फटी चुन्याने भरायच्या तर थंडीचा कडाका चालत नाही, चुना गोठतो आणि पिठासारखा गळून पडतो. म्हणून आमचा हंगाम वसंतापासून सप्टेंबरपर्यंतच. तो हुकला की वर्ष हुकलं.

ज्या चर्चने माझी दोन वर्षं खाल्ली, त्याचं नाव सांगत नाही. सांगितलं तर आणखी चार जण चमचे घेऊन तिथे जातील. मलिंगारच्या पलीकडे गाईंच्या कुरणात ते उभं आहे. आठशे वर्षांपूर्वी मठातल्या साधूंनी बांधलं. त्याच्याही आधी तिथे एका संताची समाधी होती, तिला लागूनच त्यांनी उत्तरेची भिंत उचलली. पाया म्हणाल तर जवळजवळ नाहीच, चिकणमातीवर मोठे धोंडे ठेवले आणि वर चढत गेले. आत मेरीची ओकच्या लाकडाची मूर्ती होती. तिच्यासाठी लोक अनवाणी यायचे, काही तर समुद्र ओलांडून. पुढे इंग्लंडच्या राजाचं पोपशी बिनसलं. मठ बंद झाले, छपरावरचं शिसं उतरवून वितळवलं, मूर्ती जाळली. नंतर तर कॅथलिकांच्या प्रार्थनेवरच बंदी आली. तरी लोक पहाटे येऊन त्या उघड्या भिंतींना प्रदक्षिणा घालून जात राहिले.

हा इतिहास मला पुस्तकांतून कळला, पण ब्रायडीने तो दुरुस्त केला. ब्रायडी म्हणजे चर्चची किल्ली सांभाळणारी बाई. इथे पडक्या चर्चची किल्ली समोरच्या घरात असते आणि ती पिढ्यान्‌पिढ्या त्याच घरात राहते. ऐंशी उलटलेली, गुडघे गेलेले, जीभ शाबूत. इथे सगळे सगळ्यांना नावाने हाक मारतात, मला मात्र एवढ्या म्हाताऱ्या बाईला नुसतं "ब्रायडी" म्हणायला अजून जड जातं, मनात मी तिला मावशीच म्हणते. मूर्ती जाळल्याचं मी बोलले तेव्हा ती म्हणाली, "त्यांनी एक मूर्ती जाळली, पेट. आपली नाही." पेट म्हणजे बाळ, इथे पन्नाशीच्या बाईलाही म्हणतात. "मग आपली कुठे आहे?" "ते सांगितलं असतं तर तीही जाळली असती ना." पुढे काही विचारायची सोयच नाही.

पहिल्याच भेटीत तिने माझं काम थांबवलं. मी मोजमापं घेत डावीकडून वळसा घालायला लागले, तर ही दारातून ओरडली, "उलटी जाऊ नकोस! उलटं फिरणं म्हणजे शाप!" आता उलटी प्रदक्षिणा घालू नये हे मला कोणी शिकवायला नको, पण माझा टेप दुसऱ्या टोकाला अडकवला होता. मी निमूटपणे टेप सोडला आणि उजवीकडून सुरुवात केली. त्या दिवसापासून मी तिच्या मते शहाणी ठरले. सगळा सर्व्हे मात्र उलट्या क्रमाने झाला आणि ऑफिसातल्या मुलाने तो आरशातल्यासारखा काढून ठेवला.

आता मुख्य गोष्ट. त्या समाधीच्या कोपऱ्यातली चमचाभर माती फडक्यात बांधून न्यायची, आजाऱ्याच्या उशीखाली ठेवायची आणि चौथ्या दिवशी परत आणून त्याच जागी ठेवायची, अशी तिथली प्रथा. आपण अंगारा नेतो, पण अंगारा परत आणून देत नाही. इथे सगळा भर परत देण्यावर. पोस्टाने चालत नाही, शेजाऱ्याच्या हाती चालत नाही, ज्याने नेली त्याने नाहीतर आजाऱ्याच्या घरच्याने आपल्या हाताने ठेवायची. मला ही प्रथा इंजिनिअर म्हणून पसंत होती. जेवढं गेलं तेवढं आलं, हिशेब शून्य. म्हणून तर भिंत आठशे वर्षं उभी होती.

आणि मग २०२० साल उजाडलं. मार्चमध्ये सगळं बंद झालं. घरापासून दोन किलोमीटर, मग पाच किलोमीटर, त्यापलीकडे जायचं नाही. आमची कामं बंद, चुन्याची पोती गोदामात. सत्तरीपुढच्यांना तर घराबाहेरच पडू नका म्हणून सांगितलेलं. त्यांत ब्रायडी. पण चर्च तिच्या दारासमोर, त्यामुळे ती रोज जातच होती, आणि रिकाम्या हाताने नाही तर चमचा घेऊन. आजार जगभर पसरलेला, लोकांचे फोन येत होते, कुंपणाशी लांब अंतर ठेवून माणसं येत होती, आणि ही प्रत्येकाला माती काढून देत होती. पहिल्या बंदीच्या आदल्या दिवशी तर म्हणे रस्त्यावर गाड्यांची रांग लागली होती. लोक माती घेऊन आपापल्या जिल्ह्यांत गेले आणि तिथेच अडकले. माती गेली ती गेलीच.

उन्हाळ्यात मी परत गेले तेव्हा कोपऱ्यात खड्डा होता. साधासुधा नाही, मी गुडघे टेकून हात घातला तर कोपरापर्यंत आत गेला आणि वरचा धोंडा हवेत लोंबकळत होता. भिंतीवर ओळंबा सोडला तर ती बाहेर कललेली, आणि मागे कोणीतरी फासलेल्या सिमेंटमधून नवी फट निघालेली.

"ब्रायडी, हे काय केलंत!"

"येईल परत," ती शांतपणे म्हणाली. "उसनी आहे ती. सगळे परत आणतील."

"कधी?"

"रस्ते उघडले की."

"आणि तोवर भिंत?"

"पडेल का गं?"

"शक्यता..." मी म्हणाले आणि त्या वेळी पुढे "कमी आहे" काही म्हणवेना.

राजाने छप्पर नेलं, त्याच्या शिपायांनी दारं नेली, जवळजवळ पाच शतकं पाऊस आत पडला, तरी भिंत जागची हलली नव्हती. ती आता तिच्यावर जीव टाकणारी माणसं चमच्याचमच्याने पाडत होती. मला इतका संताप आला की मी गाडीत बसून चहा प्यायले आणि मगच बोलले.

बरं, खड्डा बुजवावा म्हटलं, तर संरक्षित वास्तूपाशी फावडं लावायलाही परवानगी लागते आणि सोबत पुरातत्त्वाचा माणूस उभा राहावा लागतो. शेकडो लोकांनी खड्डा विनापरवाना खणला, पण तो बुजवायला मला सरकारची लेखी संमती हवी! संमती देणारे घरून काम करत होते. फोन केला की प्रत्येक जण म्हणायचा, "होईल, ग्रँड होईल सगळं." या देशात घर जळत असलं तरी ग्रँडच असतं. हंगाम गेला. आम्ही भिंतीला लाकडी टेकू लावले, भोवती कुंपण घातलं आणि पाटी लावली: आत येऊ नये. कुंपणाची एक किल्ली नियमाप्रमाणे किल्लीवाल्या बाईकडे द्यावी लागली. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

एकदा कामाचं पत्र दाखवत जाताना गार्डाने, म्हणजे पोलिसाने, गाडी अडवली. "चर्च बंद आहेत," तो म्हणाला.

"मला प्रार्थना करायची नाहीये. खड्डा बघायचाय."

मी चर्चचं नाव सांगितल्यावर त्याचा चेहरा बदलला. "आमच्या आईकडे आहे ती माती. प्रेसमध्ये, चहाच्या डब्यामागे." प्रेस म्हणजे इथलं कपाट. "बिचारी रोज विचारते परत कधी नेऊन ठेवायची. ती दुसऱ्या जिल्ह्यात, कॅव्हनला, आणि इकडे यायला बंदी."

"बंदी कोण राबवतंय?" मी विचारलं. तो हसला आणि मला जाऊ दिलं. मला हसू आलं नाही.

हिवाळ्यात कामं पुन्हा बंद. मलाही जाता येईना. फटीवर आम्ही एक पारदर्शक पट्टी बसवतो, तिच्यावरच्या रेघा सरकल्या की भिंत किती हलली ते कळतं. ती वाचायला तिथे कोण? ब्रायडी. तिच्या नवऱ्याची घोड्यांच्या शर्यतीची दुर्बीण होती. ती घेऊन ही बाई कुंपणाबाहेरून पट्टी वाचायची आणि दर सोमवारी मला फोनवर आकडा सांगायची. तसा अचूक सांगायची, पण आधी हवामान, मग गावात कोण गेलं, मग पाद्रीबाबांचं प्रवचन कॉम्प्युटरवर कसं मध्येच गोठलं, आणि सगळ्यात शेवटी आकडा. आणि प्रत्येक वेळी तोच प्रश्न, पडेल का गं? आणि माझं तेच उत्तर.

त्या दिवसांत मी आराखडा बदलला. परवानगी देणाऱ्यांना कोपऱ्यावर काँक्रीटचा जाड स्लॅब हवा होता, म्हणजे माती काढण्याचा प्रश्नच मिटला. मलाही आधी तेच वाटत होतं, एक सही आणि डोक्याचा ताप बंद. पण राजाला जमलं नाही ते माझ्या स्लॅबला कुठून जमणार? माती नेणाऱ्यांनी शेजारी हातभर सोडून खणलं असतं आणि तिथे तर पाया आणखी कच्चा. म्हणून मी धोंड्यांखाली दगड-चुन्याचा पक्का आधार काढला आणि भिंतीपासून थोडा दूर, समाधीच्या बाजूला, दगडांनी बांधलेला एक कोनाडा जमिनीत काढला. माती त्यात. घ्या, ठेवा, काय हवं ते करा, माझ्या पायाला हात लावू नका. काही लोकांना ही श्रद्धा वाटली. श्रद्धा कसली, वैताग होता.

एप्रिलमध्ये पुण्यात आई आजारी पडली. त्या एप्रिलचं कोणाला सांगायला नको. दादा हॉस्पिटलच्या दारात बसून असायचा. विमानं नव्हती, असती तरी जाऊन आत कोण सोडणार होतं? रोज फोनवर मी एकच विचारायची, "बरी होईल ना?" आणि एक दिवस दादा म्हणाला, "डॉक्टर म्हणतात, शक्यता आहे." मी त्याच्यावर इतकी ओरडले की शेजारच्या खोलीतून माझी मुलगी धावत आली. "शक्यता काय असते? हो किंवा नाही सांगता येत नाही का त्यांना?" ओरडून झाल्यावर मला कळलं की डॉक्टरांचं हे उत्तर दर सोमवारी मीच देत होते.

त्या सोमवारी ब्रायडीने आकडा सांगितला आणि विचारलं, "आवाज असा का?" मी सांगितलं. तिने आईचं नाव विचारलं. "सुमती," मी म्हणाले. तिने दोनतीनदा म्हणून पाहिलं, जमेल तसं, आणि फोन ठेवला.

आई मे महिन्याच्या सुरुवातीला गेली. दादाने फोन धरला होता, तोही लांबून. मी स्वोर्ड्सच्या स्वयंपाकघरात उभी होते आणि बाहेर लख्ख ऊन होतं. लोकांनी डबे आणून दारात ठेवले. आठवडाभराने आराखड्याला संमती मिळून कामावर बोलावणं आलं आणि मी गेले, कारण घरात बसून दुसरं काय करणार होते?

रस्ते त्याच सुमारास उघडले. ब्रायडी म्हणाली होती तसंच झालं, माती परत यायला लागली. जॅमच्या बरण्या, हातरुमाल, बाळाचा मोजा, बिस्किटांचा डबा. आम्ही एकेक हात सोडून भिंतीच्या पायाखालचं खणतोय, वरचा धोंडा टेकूवर तोललेला, आणि कुंपणापाशी ही रांग! मी एक बादली ठेवली. बादलीत कोणी टाकेना. हाताने, जागेवर, नाहीतर नाही. एका बाईने वर्षभराचं व्याज म्हणून पिशवीभर बागेची खतमाती जादा आणली. फर्गल, म्हणजे पुरातत्त्वाचा माणूस, ते बघून डोक्याला हात लावून बसला. शेवटी मी सगळ्यांना ओरडून सांगितलं, की कोनाडा बांधून झाला की एक दिवस देईन, त्या दिवशी एकेकाने यायचं, हेल्मेट घालून, आणि उजवीकडून. त्यावर मात्र कोणी वाद घातला नाही. त्यांना वाटलं मी प्रदक्षिणेचं बोलतेय. मी टेकू चुकवायचं बोलत होते, पण म्हटलं असू दे.

तो दिवस ऑगस्टमध्ये, तिथल्या यात्रेच्या आदल्या दिवशी आला. पाया भरला होता, चुना गोणपाटाखाली ओलसर होता, पट्टीवरच्या रेघा महिनाभर हलल्या नव्हत्या. माणसं आली, आपापली माती ठेवून गेली. तो गार्डा आईला घेऊन आला. त्याच्या आईने मला सांगितलं की ती पूर्ण बरी आहे, आणि मी म्हटलं छान, आता सरका.

सगळे गेल्यावर ब्रायडी आली. हेल्मेट तिच्या केसांवर टोपीसारखं तिरपं. हातात एक फडकं, गाठ मारलेलं.

"ही कोणाची?" मी विचारलं.

"तुझ्या आईची."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एप्रिलमध्ये भिंत सगळ्यात जास्त कललेली, आत येऊ नये म्हणून पाटी, आणि ही ऐंशी वर्षांची बाई कुंपण उघडून टेकूंच्या खालून वाकत जाऊन चमचाभर माती घेऊन आली होती. तिच्या घरातून पुण्यातल्या उशीखाली पोचायची सोय नव्हती, म्हणून आपल्याच उशीखाली ठेवली होती. आईचं नाव घेऊन.

"मला विचारलंत का? भिंत अंगावर आली असती तर? आणि काय उपयोग झाला? गेली ती! गेली ना आई!" मी ओरडत होते. फर्गल बाजूला जाऊन उगाच आपलं फावडं पुसायला लागला.

"माहीत आहे, पेट," ती म्हणाली. "म्हणून तर या दिवसाची वाट बघत होते. माणूस बरा झाला तरी परत करायची, गेला तरी परत करायची. उसनी असते ती." मग तिने फडकं माझ्यापुढे धरलं. "घरच्या माणसाने ठेवायची असते. माझे गुडघे तर वाकतच नाहीत."

आईचं मी काहीच केलं नव्हतं. हात लावला नव्हता, पाणी पाजलं नव्हतं, शेवटचं बघितलं ते फोनच्या काचेतून. मी उजवीकडून गेले, कोनाड्यापाशी बसले, गाठ सोडली. माती कोरडी होती, थोडीशी. मी ती ठेवली आणि सवयीने तळहाताने दाबून बसवली, जशी कुठलीही भर दाबून बसवतात, आणि तिथेच बसून रडले. तीन महिन्यांत पहिल्यांदा.

ब्रायडी शेजारी उभी होती, एक हात माझ्या हेल्मेटवर ठेवून. बऱ्याच वेळाने तिने भिंतीकडे वर पाहिलं आणि सोमवारचा प्रश्न विचारला.

"आता तरी सांग गं. पडायची नाही ना ही?"

फर्गलने फावडं पुसायचं थांबवलं. मी नाक पुसलं, भिंतीकडे पाहिलं, आणि मग तिच्याकडे.

"नाही पडणार," मी म्हणाले.